निर्यातीचा माल आणि घरचा माल

एखादा चार्जर उलटा करून पाहा. पाठीवर बारीक अक्षरांची पट्टी असते: व्होल्टेज, हर्ट्झ, अँपिअर आणि त्याखाली चिन्हांची रांग. सीई, गोलातलं यूएल, हिऱ्याच्या आकारातलं पीएसई, भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, चौकोनात बसवलेला दुसरा चौकोन. विकत घेणाऱ्याची नजर तिथे सहसा जात नाही. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं मात्र या रांगेतलं एकेक चिन्ह मिळवण्यात गेली. प्रत्येक चिन्हामागे एक कायदा असतो, कायद्यामागे मानक, मानकामागे चाचण्या आणि चाचण्यांमागे कुठेतरी कुणाला तरी बसलेला शॉक, लागलेली आग किंवा बिघडलेलं यंत्र असतं.

आमची कंपनी पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यातली, दूध तपासणारी यंत्रं बनवणारी. नळी दुधात बुडवायची, बटण दाबायचं. छोटा पंप दूध ओढून घेतो, अल्ट्रासोनिक सेन्सर मोजमाप करतो आणि मिनिटभरात फॅट आणि एसएनएफचे, म्हणजे फॅट सोडून दुधात उरणाऱ्या घन पदार्थांचे, आकडे पडद्यावर येतात. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली गेलं की पैसे कापले जातात. म्हणजे आमच्या पडद्यावरचा आकडा ही कुणाची तरी त्या दिवसाची कमाई असते. हे यंत्र सातारा-सांगलीकडच्या संकलन केंद्रांवर जातं, तसंच युरोपातल्या छोट्या चीज उत्पादकांकडे आणि केनियातल्या सहकारी संघांकडेही जातं. यंत्र एकच असलं तरी प्रत्येक देश त्याला वेगळे प्रश्न विचारतो.

सुरुवातीला मला या प्रश्नांची नुसती दमछाक वाटे. पुढे जरा इतिहास वाचला तेव्हा कळलं की प्रत्येक देश आपल्याला भोगाव्या लागलेल्या गोष्टींबद्दलच विचारतो. 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात विजेच्या दिव्यांचा झगमगाट होता आणि विमा कंपन्यांना आगीची धास्ती होती. तिथल्या तारांची पाहणी करायला विल्यम मेरिल हा तरुण विद्युत अभियंता आला. त्यातूनच 1894 साली पुढे यूएल म्हणून ओळखली जाणारी प्रयोगशाळा उभी राहिली. अमेरिकेच्या व्यवस्थेवर त्या आगीच्या भीतीची छाप आजही दिसते. तिथे कामगार जिथे काम करतात तिथलं विजेचं उपकरण सरकारमान्य त्रयस्थ प्रयोगशाळेने तपासलेलं असावं, असा कामगार सुरक्षा खात्याचा नियम आहे. उत्पादकाचा शब्द तिथे पुरत नाही. प्रयोगशाळेचा निरीक्षक न कळवता आमच्या कारखान्यात येतो, चालू लॉटमधलं एक यंत्र उचलतो, उघडतो आणि मंजूर यादीतलेच सुटे भाग आत आहेत का ते एकेक करून पाहतो.

युरोपची रीत वेगळी आहे. सीई चिन्ह बहुतेक वेळा उत्पादक स्वतःच लावतो. चाचण्या करायच्या, धोक्यांचं विश्लेषण लिहायचं, सगळी तांत्रिक फाइल तयार करायची आणि अनुरूपतेच्या घोषणापत्रावर सही करायची. ही फाइल माल बाजारात आल्यापासून 10 वर्षं जपून ठेवावी लागते. 2021 च्या जुलैपासून आमच्यासारख्या बहुतेक उत्पादनांसाठी युरोपीय संघाच्या हद्दीत जबाबदार असलेल्या कुणाचं तरी नाव आणि पत्ताही लागतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही सवलत वाटते. पण घोषणापत्रावर सही करताना मला कधीही हलकं वाटलं नाही. प्रयोगशाळेचा अहवाल हा पुरावा असतो, जबाबदारी सही करणाऱ्याची असते.

विद्युतचुंबकीय अनुरूपता, ज्याला आम्ही नुसतं 'ईएमसी' म्हणतो, तिचा जन्म रेडिओच्या खरखरीतून झाला. ही खरखर मोजायची कशी यावर देशादेशांत एकमत व्हावं म्हणून 1934 साली सीआयएसपीआर ही आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. माझ्या पिढीला हा विषय वेगळा शिकवायची गरज नव्हती. शेजारच्या घरात मिक्सर लागला की आमच्या दूरदर्शनवर मुंग्या येत. मिक्सरच्या मोटरमधल्या ब्रशच्या ठिणग्या हवेतून आणि तारांतून आमच्या अँटेनापर्यंत पोचत. आपल्या यंत्राने दुसऱ्याला त्रास देऊ नये, हा ईएमसीचा पहिला भाग. दुसऱ्याच्या त्रासाने आपलं यंत्र डगमगू नये, हा दुसरा. पहिल्याला उत्सर्जन म्हणतात, दुसऱ्याला प्रतिकारक्षमता.

मोजमापाच्या आणि प्रयोगशाळेच्या यंत्रांसाठी युरोप हे दोन्ही मागतो. अमेरिकेतला दळणवळण आयोग, म्हणजे एफसीसी, मुळात रेडिओ लहरींचा राखणदार आहे, म्हणून त्याचा भर उत्सर्जनावर. आणि जी डिजिटल यंत्रं केवळ औद्योगिक, व्यापारी किंवा वैद्यकीय चाचणीचं उपकरण म्हणून वापरली जातात, त्यांना तो तांत्रिक मर्यादांतून सूटही देतो. म्हणजे एकाच दूध-यंत्राला एका बाजारात विजेच्या सुरक्षिततेसाठी कडक त्रयस्थ तपासणी आणि ईएमसीत सूट, तर दुसऱ्या बाजारात स्वतःच्या सहीवर विश्वास आणि ईएमसीच्या चाचण्यांची लांबलचक यादी. यातला सोपा भाग तेवढा निवडून यंत्र बनवता येत नाही, कारण गोदामातला कुठला खोका कुठल्या बोटीवर चढेल हे डिझाइन करताना कुणाला ठाऊक असतं?

आम्ही मुख्य पुरवठ्याचा धोका यंत्राबाहेर काढायचं ठरवलं. 230 व्होल्ट अॅडॉप्टरमध्येच थांबतील, यंत्रात फक्त 12 व्होल्ट येतील. युरोपचा लो व्होल्टेज डायरेक्टिव्ह 50 व्होल्ट एसी किंवा 75 व्होल्ट डीसीच्या वरच्या उपकरणांना लागू होतो, म्हणजे तो अॅडॉप्टरपुरताच उरतो. जपानचा विद्युत सुरक्षेचा कायदाही मग अॅडॉप्टरशीच बोलतो, त्याला हिऱ्यातलं पीएसई लागतं. जपानात 100 व्होल्ट, त्यातही पूर्वेला 50 हर्ट्झ आणि पश्चिमेला 60, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकन. 100 ते 240 व्होल्टवर चालणारा, सगळीकडची प्रमाणपत्रं असलेला अॅडॉप्टर विकत घ्यायचा, हे छोट्या कंपनीला परवडणारं शहाणपण होतं.

पण अॅडॉप्टरच्या आतच सुरक्षितता आणि ईएमसी यांचं जुनं भांडण चालू असतं. आपल्या गावाकडच्या केंद्रांवर अर्थिंगचा भरवसा नसतो, म्हणून आम्ही दोन पिनचा, दुहेरी इन्सुलेशनचा अॅडॉप्टर घेतला. चौकोनातला चौकोन म्हणजे तोच. त्यात मुख्य पुरवठ्याची बाजू आणि 12 व्होल्टची बाजू यांच्यामध्ये एक छोटा निळा कपॅसिटर असतो, वाय कपॅसिटर. आतल्या स्विचिंगचा उच्च वारंवारतेचा गोंगाट तो परत फिरवतो. तो जितका मोठा तितकं उत्सर्जन कमी, ईएमसीवाला खूश. पण त्याच वाटेने 50 हर्ट्झचा थोडा प्रवाहही पलीकडे झिरपतो. 4.7 नॅनोफॅरडचा कपॅसिटर 230 व्होल्टला सुमारे 0.34 मिलिअँपिअर सोडतो. अर्थ नसलेल्या उपकरणाला हात लागेल अशा भागांसाठी अॅडॉप्टरच्या तेव्हाच्या मानकाची मर्यादा होती 0.25. अमेरिकेच्या 120 व्होल्ट, 60 हर्ट्झला तोच कपॅसिटर सुमारे 0.21 सोडतो आणि मर्यादेत बसतो. तिकडे चालणारा भाग इकडे चालत नाही, तो असा.

माणसाला वीज जाणवू लागते ती साधारण अर्ध्या मिलिअँपिअरला. साधारण 10 ला स्नायू आखडून हात सुटेनासा होतो. तेव्हा पाव मिलिअँपिअरने कुणी मरत नाही. पण संकलन केंद्रावर पहाटे काय असतं ते मी पाहिलं आहे. फरशी धुतलेली, पायात काही नाही, हात दुधाने आणि पाण्याने ओले आणि यंत्राची पेटी स्टीलची. 'मॅडम, हात लावला की झिणझिण्या येत्यात,' असं एका केंद्राच्या सचिवांनी सांगितलं तेव्हा ते आमच्या अॅडॉप्टरऐवजी दुसऱ्याच कुठल्या अॅडॉप्टरवर यंत्र चालवत होते. आमचा जळाला म्हणून बाजारातून स्वस्तातला आणला होता. त्यावर चिन्हं सगळी छापलेली होती. आत काय होतं ते मोजल्यावर कळलं. त्यानंतर आम्ही 1 नॅनोफॅरडचा वाय कपॅसिटर असलेला अॅडॉप्टर शोधला, ज्यातून 230 व्होल्टलाही सुमारे 0.07 मिलिअँपिअरच झिरपतात. कपॅसिटर लहान केल्यामुळे वाढलेला गोंगाट आवरायला यंत्राच्या बाजूने कॉमन मोड चोक घातला. लढाई थोडी अवघड झाली, पण ओला हात वाचला.

ईएमसीच्या प्रयोगशाळेतली मोठी खोली प्रथम पाहणाऱ्याला चकित करते. भिंतींवर आणि छतावर लहरी शोषणारे काळे-निळे सुळके, मध्ये गोल फिरणारं टेबल, समोर 1 ते 4 मीटर वरखाली होणारी अँटेना. मर्यादा ऐकल्या की काम किती नाजूक आहे ते कळतं. घरगुती परिसराच्या वर्गात 30 ते 230 मेगाहर्ट्झमध्ये 10 मीटर अंतरावर 30 डेसिबल मायक्रोव्होल्ट प्रति मीटर, म्हणजे मीटरला जेमतेम 32 मायक्रोव्होल्ट. आमचं यंत्र एकटं टेबलावर ठेवलं की आलेख शांत असे. वजनकाट्याची, प्रिंटरची आणि संगणकाची केबल जोडली की 100 मेगाहर्ट्झच्या आसपास डोंगर उभा राही. यात चमत्कार काही नाही. 100 मेगाहर्ट्झची तरंगलांबी 3 मीटर, आणि दीड मीटरची केबल म्हणजे त्या लहरीसाठी बरोबर मापाची अँटेना. पेटीतला गोंगाट या केबलींवर चढून बाहेर पडत होता.

या धंद्यात एक समजूत खोलवर रुजलेली आहे: सीई असलेला अॅडॉप्टर, सीई असलेला प्रिंटर, सीई असलेला डिस्प्ले एकत्र केले की झालं सीई यंत्र. तसं होत नाही. प्रत्येक भाग आपापल्या मांडणीत तपासलेला असतो; एकत्र जोडले की नवी वाट तयार होते, आणि गोंगाट नेमकी तीच वाट धरतो. केंद्रावर यंत्र, काटा, संगणक, प्रिंटर मिळून जो एएमसीयू, म्हणजे स्वयंचलित दूध संकलन संच, होतो, तो जसा मांडला जातो तसाच तपासावा लागतो. आम्ही पंपाच्या ब्रशवाल्या मोटरच्या टोकांवर सिरॅमिक कपॅसिटर लावले, केबलचं शील्ड सगळ्या बाजूंनी पेटीला टेकवलं, कनेक्टरजवळचा बोर्डाचा ग्राउंड सुधारला. फेराइटची रिंग नंतर अडकवून मोकळं होता येतं, पण बोर्ड आखतानाच विचार केला तर तिची गरजच पडत नाही. तरुण अभियंत्यांना मी नेहमी सांगते की प्रयोगशाळा ही परीक्षेची जागा आहे, अभ्यास त्याआधी आपल्या टेबलावर करायचा असतो.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते प्रतिकारक्षमतेच्या चाचण्यांनी. प्रयोगशाळेत वीजपुरवठ्याच्या तारेवर 2000 व्होल्टचे अतिशय वेगवान स्पंद सोडतात; जवळचा रिले किंवा मोटर बंद-चालू होताना असेच स्पंद येतात. पुरवठा अर्ध्या आवर्तनापुरता तोडतात, मग 25 आवर्तनं 70 टक्क्यांवर आणतात, मग 250 आवर्तनं, म्हणजे पुरे 5 सेकंद, काढूनच घेतात. यंत्रावर स्थिर विजेची ठिणगी मारतात. मोबाइल शेजारी असल्यासारखं रेडिओ क्षेत्र उभं करतात. युरोपातल्या स्वच्छ, स्थिर पुरवठ्याच्या खोलीत यातलं काही रोज घडत नसेल. आमच्या केंद्रांवर ते सकाळ-संध्याकाळ घडतं. दूध थंड ठेवणाऱ्या बल्क कूलरचा कॉम्प्रेसर धाडकन चालू होतो, भारनियमनात जनरेटरवर बदल होतो आणि मोबाइल तर यंत्राच्या डोक्यावरच ठेवलेला असतो. या चाचण्या जणू आमच्या पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या केंद्रावर बसून लिहिल्या असाव्यात, असं मला वाटे.

निकाल कसा द्यायचा हे मानक सांगतं. चाचणीत यंत्र ठरल्याप्रमाणे चालत राहिलं तर 'ए', थोडं बिघडून आपोआप सावरलं तर 'बी', माणसाला हात लावावा लागला तर 'सी'. पण 'ठरल्याप्रमाणे' म्हणजे काय, हे उत्पादकाने आधी लिहून द्यायचं असतं. या एका ओळीवर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. काहींचं म्हणणं, पडदा चालू राहिला म्हणजे झालं. स्पंदांच्या चाचणीत आमच्या पहिल्या नमुन्याचा पडदा चालूच होता, पण 3.8 फॅटचं तेच दूध तो मध्येच 3.5 दाखवत होता. मी म्हटलं, हा सगळ्यात वाईट बिघाड आहे. यंत्र बंद पडलं तर माणूस दुरुस्तीवाल्याला बोलावतो. आकडा खोटा आला आणि खरा दिसला, तर रांगेतल्या शेतकऱ्याला कळायचा मार्गच नाही. तो मान खाली घालून पावती घेतो आणि घरी जाऊन गाईचा खुराक बदलतो.

म्हणून आम्ही लिहून दिलं: कुठल्याही चाचणीत चुकीचा आकडा छापला गेला, तर यंत्र नापास. सेन्सरची तार वळवलेल्या जोडीने आणि शील्डमधून नेली, सेन्सरजवळच फिल्टर बसवला, आणि सॉफ्टवेअरला शिकवलं की लागोपाठच्या मोजमापांत तफावत दिसली तर आकडा न छापता 'पुन्हा मोजा' असा संदेश द्यायचा. युरोपच्या कायद्याने आम्हाला चाचणी करायला लावली. कसोटी किती कडक ठेवायची, हे मात्र केंद्रावरच्या रांगेने ठरवलं.

बाजार वाढतात तसे नियमही वाढतात. यंत्रात ब्लूटूथ घातलं तेव्हा युरोपात ते रेडिओ उपकरणांच्या निर्देशाखाली गेलं, आणि तिथे सुरक्षिततेला व्होल्टेजची खालची मर्यादाच नाही. 12 व्होल्टचं यंत्रही सुरक्षिततेच्या चौकटीत आलं. अमेरिकेत मॉड्यूलचा एफसीसी आयडी आणि भारतात वायरलेस विभागाची मंजुरी लागली. ब्रिटनने संघ सोडल्यावर यूकेसीए हे स्वतःचं चिन्ह आणलं, आम्ही पट्ट्या बदलल्या, आणि 2023 मध्ये सीई पुढेही चालेल असं तिथल्या सरकारने जाहीर केलं. केनियाला माल जायचा तर बंदरातून निघण्याआधीच अनुरूपतेचा दाखला घ्यावा लागतो. आयईसीईईच्या सीबी योजनेमुळे एका देशातला चाचणी अहवाल दुसऱ्या देशात बराच उपयोगी पडतो, पण प्रत्येक देशाचे अपवाद जोडलेले असतात, आणि ते वाचण्यातच खरा वेळ जातो. चीनच्या मानकात 5000 मीटर उंचीचाही विचार असतो, कारण उंचावर हवा विरळ, आणि विरळ हवेत तेवढ्याच अंतरातून ठिणगी लवकर उडते. असे अपवाद वाचताना त्या देशाचा भूगोलही कळतो.

प्रमाणपत्र मिळवणं एकवेळ सोपं, ते रोज खरं ठेवणं कठीण. एकदा आवक तपासणीत आमच्याकडे काम करणाऱ्या एका मुलीने अॅडॉप्टरच्या एका लॉटमधला एक उघडला आणि ती माझ्याकडे आली, 'मॅडम, कपॅसिटरवर वाय-1 लिहिलेलंच नाही.' किंमत तीच, रंग तोच, आकारही तोच. पण तो साधा उच्च व्होल्टेजचा कपॅसिटर होता. पुरवठादाराने भाग मिळेना म्हणून 'इक्विव्हॅलंट' घातला होता. वाय-1 दर्जाचा कपॅसिटर 8000 व्होल्टचा आघात सोसायला तपासलेला असतो. दुहेरी इन्सुलेशनवरून पलीकडे जाणारा हा भाग. तो शॉर्ट झाला की 230 व्होल्ट सरळ स्टीलच्या पेटीवर. यंत्र त्या दिवशी चालतं, पुढेही चालतं, पहिल्या मोठ्या विजेच्या कडकडाटापर्यंत. तो पूर्ण लॉट आम्ही परत केला. खरेदी विभाग नाराज झाला, निर्यातीची तारीख सरकली. त्या मुलीचं नाव मात्र मी वार्षिक आढाव्यात सगळ्यात वर लिहिलं.

मग तो प्रश्न आलाच, जो आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत कधी ना कधी येतो. एका बैठकीत किमतीचा तक्ता समोर ठेवून आमचे साहेब म्हणाले, 'युरोपच्या मालात हे फिल्टर, शील्डच्या केबली, महाग अॅडॉप्टर ठेवू. इथल्या मालाला कुणी विचारत नाही. इथे साधं देऊ.' कायद्याच्या दृष्टीने ते चुकीचं बोलत नव्हते. भारतात इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश 2012 साली निघाला आणि 2013 च्या जुलैपासून लागू झाला. सुरुवातीच्या 15 वस्तूंत मायक्रोवेव्ह, लॅपटॉप, टीव्ही, सेट टॉप बॉक्स होते, पुढे अॅडॉप्टर, मोबाइल आणि बरंच काही आलं. पण आमच्या दूध-यंत्राचं नाव त्या पहिल्या यादीत नव्हतं.

मी म्हटलं, चाचण्यांत जे त्रास आपण कृत्रिमपणे उभे करतो, ते खरे तर इथेच आहेत. ओली फरशी इथे आहे, भरवशाचं अर्थिंग इथे नाही, कूलर आणि जनरेटर इथे आहेत. तो फिल्टर युरोपच्या गिऱ्हाइकाला क्वचित लागेल, इथल्याला रोज लागेल. आणि व्यवहाराचं म्हणाल तर दोन प्रकारचे बोर्ड, दोन प्रकारच्या केबली एका छताखाली ठेवल्या की कधीतरी त्यांची सरमिसळ होणारच. मग घोषणापत्रावर सही कुणी करायची? साहेब माणूस विचारी. त्यांनी दोन्ही तक्ते मागवले, केंद्रांवरून परत येणाऱ्या यंत्रांच्या दुरुस्तीचा खर्च त्यात घालायला लावला आणि एकच डिझाइन ठेवायचं मान्य केलं. आज केनियाला जाणारा खोका आणि कराडला जाणारा खोका यांत फरक आहे तो फक्त प्लगचा आणि पट्टीवरच्या चिन्हांचा.

परदेशी नियमांना वैतागणारे उद्योजक मला भेटतात. वैताग समजू शकतो. खर्च मोठा, कागद अनेक, तारखा सतत बदलणाऱ्या. पण ते नियम पाळताना आपण जे शिकतो, त्यावर पहिला हक्क आपल्या शेजारच्या गिऱ्हाइकाचा आहे. 'एक्स्पोर्ट क्वालिटी' असं आपण अभिमानाने म्हणतो, तेव्हा घरच्यांसाठी त्याहून हलकं चालतं हे आपण न बोलता मान्य केलेलं असतं. कपड्याच्या शिवणीत ते एकवेळ चालेल, विजेच्या बाबतीत चालू नये.

उद्योजकांना माझी एवढीच विनंती आहे: सगळ्यात कडक बाजाराचं मानक घ्या, सगळ्यात अवघड जागेची परिस्थिती घ्या आणि त्या दोन्हींना पुरेल असं एकच यंत्र बनवा. आणि वाचकांना सांगणं असं की पुढचा चार्जर घेताना पट्टीवरचा 'आर' क्रमांक पाहा, मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अॅपवर तो खरा आहे का ते तपासा, आणि नसेल तर तो घेऊ नका. विचारणारं गिऱ्हाईक असलं की कारखान्यात ती सही करणाऱ्याचं बळ वाढतं.